खाली मी आहे

घर बदलायचं ठरलं की त्या भागातले लोक आधी खोकी गोळा करत आणि मग वरच्या-खालच्याला निरोप धाडत. ही काही त्यांची नावं नव्हती, पण खरी नावं विचारायची गरज कधी कोणाला पडली नाही. जिन्यावरून कपाट न्यायचं तर एकाने वरच्या टोकाला धरून पाठमोरं चढायचं आणि दुसऱ्याने खालच्या टोकाला खांदा लावून रेटायचं. या दोघांत वरचा नेहमी वर असे आणि खालचा नेहमी खाली. खालचा हा वरच्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, त्यामुळे ताईनेच त्याला कडेवर घेऊन वाढवलेला. पुढे ती लग्न होऊन जिथे राहायला गेली त्याच इमारतीत तळमजल्यावर त्यानेही खोली घेतली आणि भावजींच्या जोडीने कामाला लागला.

खाली कोणी राहायचं हे कोणी ठरवलं नव्हतं. पहिल्याच दिवशी जिन्याच्या वळणावर तो म्हणाला होता, "भावजी, तुम्ही वरचं बघा, खाली मी आहे." पुढे प्रत्येक जिन्याच्या प्रत्येक वळणावर तो हेच म्हणे. वरचा त्यावर काही बोलत नसे. त्यात बोलण्यासारखं होतंच काय? तो आपला पुढची पायरी चढे.

सामान हलवणं हे ताकदीचं काम आहे असं लोकांना वाटतं. दोन्ही हात कमरेवर ठेवून "जपून हं, काच आहे" एवढं म्हटलं की आपणही हातभार लावला, असंही वाटतं. प्रत्यक्षात ते काम ताकदीपेक्षा समजूत घालण्याचं जास्त. जागेवर बसलेलं कपाट हलायला तयार नसतं. घाम फुटतो तो पहिल्या हिसक्याला. एकदा का ते चालू लागलं की मग थांबायला तयार नसतं. गुळगुळीत फरशीवर फ्रीज सरकवताना नवखा माणूस खुशीत ढकलत सुटतो. भिंत जवळ आली की तो हात काढतो, आणि मग त्याला कळतं की आपण थांबलो तरी फ्रीज थांबलेला नाही. टेम्पोने ब्रेक मारला की टेम्पो थांबतो, आतलं सामान पुढे जात राहतं. दोर बांधायचे ते त्यासाठी.

वरच्याची मुलगी शाळेत असताना एकदा परीक्षेसाठी हेच सगळं मोठ्याने पाठ करत होती. स्थिर वस्तू स्थिर राहते, चालती वस्तू चालत राहते, आणि शेवटी ते तिसरं: तुम्ही एखाद्या वस्तूला जितक्या जोराने ढकलता, तितक्याच जोराने ती तुम्हाला उलट ढकलते. खालचा तिथेच चहा पीत बसला होता. हे तर आमच्या कपाटालाही तोंडपाठ आहे, असं म्हणून तो भाची चिडेपर्यंत हसत राहिला. वरचाही हसला होता. तेच वाक्य पुढे आपली पाठ सोडणार नाही, याची त्याला तेव्हा कल्पना नव्हती.

त्या दोघांची आपसांत एक पद्धत होती. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात वजन जाताना देणारा "दिलं" म्हणे, पण हात काढत नसे. घेणाऱ्याने "आलं" म्हटल्यावरच काढायचा. ही सवय खालच्याच्या अंगात इतकी मुरली होती की ताईच्या हातून चहा घेतानासुद्धा तो गंभीरपणे "आलं" म्हणे. मग ती त्याला टपली मारून म्हणायची, "मेल्या, कप आहे तो, कपाट नाही."

तो गेल्यावर ती कितीतरी दिवस त्या ‘मेल्या’ शब्दासाठी स्वतःला बोल लावत राहिली.

ते घडलं भर दुपारी. एक लोखंडी कपाट तिसऱ्या मजल्यावर न्यायचं होतं. जिना अरुंद होता आणि वळणावर कोणीतरी कुंड्या मांडल्या होत्या. दोघं वळण घेत असतानाच वरच्या मजल्यावरून कुंड्यांना पाणी घातलं गेलं असावं, कारण नंतर पायऱ्या ओल्या सापडल्या. "खाली मी आहे" हे शब्द वरच्याने ऐकले आणि लगेच चप्पल घसरल्याचा आवाज ऐकला.

त्यानंतर जे व्हायला हवं होतं ते झालं नाही. खालचा माणूस घसरला की सगळं वजन खाली धावतं. वरच्याचे हात खांद्यातून निखळतील असा हिसका बसायला हवा होता, आणि त्या क्षणी त्याने त्यासाठी दातही आवळले होते. हिसका बसलाच नाही. कपाट उलट वर आलं. त्याची कड छातीवर इतक्या जोराने आदळली की वरचा मागच्या पायरीवर बसला, आणि कपाटाच्या पलीकडे, जिकडचं त्याला काही दिसत नव्हतं, तिकडे काहीतरी गडगडत खाली गेलं.

माणसं धावून आली तेव्हा त्यांना काय दिसलं? खाली वळणावर एक जण निपचित पडलेला, आणि वर दुसरा कपाटाला मिठी मारून बसलेला. "अहो, सोडा ते, खाली या," लोक सांगत होते. तो सोडत नव्हता. सोडलं असतं तर कपाट घसरत थेट खालच्याच्या अंगावर गेलं असतं, पण ते सांगायला छातीत श्वास उरला नव्हता. लोकांनी कपाट धरून बाजूला घेईपर्यंत तो तसाच बसून राहिला. तो खाली पोचला तेव्हा खालचा गेलेला होता.

कपाटावर साधा ओरखडाही उठला नव्हता, आणि तेच वाईट झालं. थोडासा जरी पोचा आला असता तरी लोकांची तोंडं गप्प बसली असती. "कपाट वाचवलं, माणूस सोडला," असं कोणीतरी म्हणालं. असली वाक्यं कधी वाटेत थांबत नाहीत. ते जिने चढत वरच्याच्या घरात आलं आणि त्याच्या बायकोच्या कानात जाऊन बसलं.

तिने एकदाच विचारलं. "आधी कोणाचा हात सुटला?"

तिने उत्तराची वाट पाहिली, मग उठून आत गेली, आणि पुन्हा कधी विचारलं नाही. त्या दिवसापासून तिने त्याच्या हातात काही दिलं नाही. भांडण नाही, रुसवा नाही, दोन वेळचं जेवण वेळेवर. पण कप ती टेबलावर ठेवी आणि आपला हात काढून घेई, मग त्याने तो उचलायचा. टॉवेल खुंटीवर. किल्ली कट्ट्यावर. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली मुलगी माहेरी यायची, तेव्हा तिच्या तान्ह्या बाळालाही बायको आधी पलंगावर ठेवायची आणि मग म्हणायची, "घ्या."

ते बाळ पलंगावरून उचलताना वरच्याला जे वाटे ते कोणाला सांगण्याजोगं नव्हतं. या हातांवर आता तिचा भरवसा नाही, एवढं त्यातून लख्ख कळत होतं.

आणि बोलून तरी काय सांगणार? तुझ्या भावाने मला ढकललं, असं? मेलेल्या माणसावर आळ घेतल्यासारखं झालं असतं. त्याचा पुढचा अर्थ तर त्याहून अवघड होता. पाय सुटलेल्या माणसाने जाता जाता सगळं बळ लावून कपाट वर ढकललं, म्हणजे वरच्याला खाली ओढलं जाऊ दिलं नाही. आणि जितकं ढकललं तितकाच तो स्वतः मागे फेकला गेला. भाचीने घोकलेलं वाक्य वरच्याला शब्द न् शब्द आठवत होतं. त्या धक्क्याने तो जगला होता आणि त्याच धक्क्याने खालचा गेला होता. तुझ्या भावाने स्वतःचा जीव देऊन मला वाचवलं, हे त्याच्या बहिणीसमोर बसून, तिच्याच हातचं जेवत, कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यापेक्षा तिने आपल्याला हात सोडणारा समजावं, ते बरं. असा तो हिशेब करी आणि गप्प राही. पण आतल्या आत त्या धक्क्याला तो जपूनही ठेवत असे. आपल्यासाठी कोणी एवढं केलं, याचा आधार माणसाला सुटत नाही.

त्या धक्क्यानेही त्याला सोडलं नाही. पुढे एक गवंडी त्याच्या जोडीला आला. आडदांड, अबोल, कामाला चोख. जिन्यावर तो खाली आणि वरचा वर. पण कुठलंही वळण आलं की वरच्याचा पाय थबके. छातीच्या मधोमध, बरोबर त्या जागी, काहीतरी येऊन टेके. कपाट जागच्या जागी असायचं, गवंडी जागच्या जागी असायचा, आणि तरी कोणीतरी खालून हलकेच रेटतंय असं वाटायचं. कधी कधी तर वजन असायला हवं त्याहून कमी लागे. एका टोकाला आपण, दुसऱ्या टोकाला गवंडी, मग हा तिसरा खांदा कोणाचा? तो कान देऊन उभा राही. कुठूनतरी ते तीन शब्द येतील असं वाटे. कधी येत, कधी येत नसत. आले की अंगावर काटा येई, आणि आले नाहीत की त्याहून वाईट वाटे.

"दादा, चला ना, हात भरून आले," गवंडी खालून म्हणायचा.

घरीही तेच. दुपारी भिंतीला टेकून बसलं की भिंत पाठीला रेटते आहे असं वाटायचं. तसं तर ती सगळ्यांनाच रेटते, त्याशिवाय कोणी टेकून बसूच शकणार नाही. पण आपल्याला ते जाणवत नाही, म्हणून आपण निवांत बसतो. वरच्याला जाणवायचं. त्याने भिंतीला टेकायचं सोडून दिलं.

खालच्याची खोली तशीच बंद ठेवलेली होती. अखेर घरमालकाला ती हवी झाली. बायकोने जाऊन कपडे, भांडी, अंथरूण वर आणलं. राहिलं ते त्याचं लाकडी कपाट. ते विकायचं नाव काढल्यावर तिने नुसतं वरच्याकडे पाहिलं, तेव्हा विषय तिथेच संपला. कपाट वर आणायचं ठरलं, आणि नेमका गवंडी तापाने पडला.

"मी धरते खालून," बायको म्हणाली.

वरच्याने साफ नकार दिला. गवंडी बरा होईपर्यंत थांबू, शेजारचं कोणी बघू, तू खाली उभी राहायची नाहीस. तिने सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली की कपाट तिच्या भावाचं आहे, त्याला हात लावायला दुसरं कोणी नको. आणि तुमच्या हाताखाली तो उभा राहत होता, तर मलाही राहून बघू द्या. हे शेवटचं वाक्य ती अगदी शांतपणे बोलली. मग वरचा उठला आणि सामान बांधायचा पट्टा घेऊन आला.

सकाळची वेळ होती, जिन्यात लख्ख उजेड होता. पायऱ्या त्याने स्वतः पुसून कोरड्या केल्या होत्या. कुंडी नाही, पाणी नाही, कोणी वर-खाली करणारं नाही. रिकामं कपाट, फार जड नव्हतं. बायकोने पदर खोचला, खांदा लावला, आणि पहिल्या हिसक्यालाच बरोबर जोर दिला. भावाला इतकी वर्षं ऐकून तिला सगळं माहीत होतं. पायरीमागून पायरी गेली. वरच्याला कपाटाच्या फळीशिवाय काही दिसत नव्हतं, पण तिचा श्वास ऐकू येत होता. वळण घेतलं तसं त्याच्या छातीत नेहमीच्या जागी ते येऊन टेकलं. त्याने दात आवळले आणि पाय मागे टाकला.

पायरीची कड झिजलेली होती. तिची टाच त्या कडेवरून निसटली.

आणि कपाट वर आलं. तीच कड, तीच जागा, तोच धक्का. त्याच्या मनात एकच गोष्ट आली, की आपल्याला वेड लागलं. मग खालून तिचा आवाज आला, पडल्याचा आणि पाठोपाठ कळवळल्याचा, आणि त्याला कळलं की हे मनातलं नाही. तो पायरीवर बसला होता. कपाट त्याच्या छातीवर होतं, दोन्ही हातांनी त्याने ते कवटाळलं होतं आणि ते खाली जायला बघत होतं.

"लागलं का गं? अगं, बोल."

खाली वळणावर ती उठून बसली. कोपर सोललं होतं. तिने वर पाहिलं. कपाट कललेलं होतं, त्यामुळे तिथून तिला नवऱ्याचा चेहरा दिसत होता. मानेच्या शिरा फुगलेल्या, डोळ्यांत पाणी, बोटं फळीच्या कडेवर पांढरीफटक. भाऊ पडला होता तशाच वळणावर आपण आहोत आणि त्या दिवशी वर काय होतं ते आपण बघतो आहोत, हे तिच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही.

"सोडा आणि या," ती म्हणाली.

"सोडता येत नाही. सोडलं तर तुझ्यावर येईल."

ती उठली. दोन पायऱ्या चढली, भिंतीला पाय देऊन कपाटाला खांदा लावला, पूर्ण भार घेतला, आणि म्हणाली, "आलं."

वरच्याने हात काढले. किती वर्षांनी काढले, ते त्याचं त्यालाच माहीत.

कपाट वळणावर भिंतीला लावून दोघं पायरीवर बसली. मग तिनेच विचारलं, "मी तुम्हाला ढकललं ना?"

"हो."

"त्यानेही?"

"हो," तो म्हणाला, आणि मग बांध फुटल्यासारखं सगळं सांगितलं. हिसका खाली बसायला हवा होता तो कसा बसला नाही, कपाट कसं वर आलं, हे का सांगवलं नाही. मला वाचवायला गेला तो, असं म्हणून त्याने तोंड हातांत लपवलं.

ती ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरचं इतक्या वर्षांचं काहीतरी सैल पडत होतं. पण ती खरं बोलणारी बाई होती, आणि नको तिथेही खरंच बोलायची.

"आत्ता पाय सुटला ना," ती हळूच म्हणाली, "तेव्हा मला तुमची आठवणसुद्धा नव्हती. कोणाचीच नव्हती. पाय गेला आणि हात आपले आपण पुढे गेले. त्याचंही तसंच झालं असेल."

वरच्याला वाटलं, आपल्या छातीवरून कोणीतरी हात काढून घेतला. किती जोराने ढकललं ते पुस्तकात सांगता येतं, का ढकललं ते कुठे लिहिलेलं नसतं. ज्याला तो इतकी वर्षं प्रेम समजून जपत आला, ते घसरणाऱ्या माणसाचं नुसतं धडपडणं निघालं असेल, तर आता धरायचं काय?

त्या संध्याकाळी तिने चहा केला. कप टेबलाकडे नेला, तिथे क्षणभर थांबली, आणि त्याच्याकडे आली. त्याच्या हातात कप देताना तिने आपला हात काढला नाही. तो समजला. "आलं," तो कसाबसा म्हणाला, तेव्हा तिने सोडला. चहा त्याने गार होईपर्यंत तसाच धरून ठेवला.

गवंडी बरा होऊन आला. पुढचं काम एका लोखंडी कपाटाचं निघालं. जिन्याच्या तोंडाशी गवंडी सवयीने खालच्या टोकाला गेला, तर तिथे वरचा आधीच खांदा लावून उभा. गवंडी बघतच राहिला. "दादा, वर जा ना," तो म्हणाला. वरच्याने मान हलवली.

खाली उभं राहिल्यावर त्याला पहिल्यांदा कळलं की खालून काहीच दिसत नाही. डोळ्यांसमोर नुसता पत्रा. वरचं टोक धरलेला माणूस आहे की नाही, दमलाय की सावरलाय, काही कळायला मार्ग नाही. कळतं ते फक्त हातांना. गवंड्याने पाय टाकला की पत्र्यातून एक बारीक थरथर खाली येई, तो अडखळला की तेही येई, आणि आता खाली उभ्या असलेल्या वरच्याचे हात त्याच्या आधी सावरून घेत. एका जिन्यात हातांना इतकं कळतं, तर इतक्या वर्षांत खालच्याच्या हातांना काय काय कळलं असेल? हात आपले आपण गेले, ती म्हणाली होती. गेले असतील. पण ते हात आपल्याला ओळखत होते.

वळण आलं. छातीत काही टेकलं नाही, कुठून आवाज आला नाही. समोर फक्त तो मुका पत्रा होता आणि त्यापुढे काय चाललंय ते कळत नव्हतं. दुसऱ्या माणसाच्या इतक्या जवळ असून इतकं एकटं त्याला कधी वाटलं नव्हतं. आणि कोणाला सांगायला म्हणून नाही, तर पलीकडे कोणी आहे ना एवढं कळावं म्हणून, त्याच्या तोंडून निघालं, "तू वरचं बघ, खाली मी आहे."

तो थांबला. एक पाय वरच्या पायरीवर, खांद्यावर सगळं वजन, आणि कान त्या पत्र्याला लावलेला. उत्तर यायला किती वेळ लागतो ते त्याला त्या दिवशी समजलं, आणि आपण इतक्या वर्षांत ते एकदाही दिलं नाही, हेही.

"हो दादा," वरून गवंडी म्हणाला, "आहे मी. या सावकाश."

वरच्याने डोळे पुसायला हात काढला नाही, कारण हात काढता येत नव्हता. तो पुढची पायरी चढला.